‘कृपा फुकट आहे’ असं म्हणताना पौलाला नेमकं काय म्हणायचं होतं?

तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात चूक असेल तर लगेच कळेल. बायबलच्या नव्या करारातल्या रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायाच्या शेवटी येशूचा प्रेषित पौल म्हणतो की पापाचं वेतन मरण आहे, पण देवाचं कृपादान म्हणजे सार्वकालिक जीवन. म्हणजे ते कमवायचं नाही, ते मिळतं. पण त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात देव प्रत्येकाला ज्याच्या त्याच्या कृत्यांप्रमाणे देईल, असंही तोच लिहितो. बाराव्या अध्यायापासून तर आज्ञांची रांगच लागते. तुम्ही विचारलंत, ‘फुकट दिलं तर मागाहून बिल कसलं? आणि बिल येणारच असेल तर ती देणगी कसली, ती तर उधारी झाली.’ सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांना यात काही खटकत नव्हतं का, हा तुमचा दुसरा प्रश्न.

मी नगर जिल्ह्यातल्या मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चमध्ये, पाळक होतो, आणि नंतर बरीच वर्षं धर्मशिक्षण घेणाऱ्या मुलांना नव्या कराराची ग्रीक शिकवली. हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक वर्गात कुणीतरी विचारायचंच. पहिली दहा-बारा वर्षं मी त्याचं जे उत्तर देत होतो ते आज मला पटत नाही. तेव्हा मी सांगायचो की कृपा म्हणजे देव देतो आणि विसरून जातो, चांगली कृत्यं आपण हौसेनं करायची. ऐकायला गोड, पण पौलाच्या पत्रांत ते बसत नाही.

आता मला वाटतं की पेच पौलात नसून ‘देणगी’ या शब्दाबरोबर आपण जे गृहीत धरतो त्यात आहे. आपण धरून चालतो की खरी देणगी म्हणजे जिच्या बदल्यात काहीही अपेक्षित नाही ती. पहिल्या शतकातल्या करिंथ या ग्रीक शहरात असं म्हणालात तर लोक तुमच्याकडे चमकून बघतील. त्यांच्या कल्पनेत देणगी म्हणजे नातं जोडणारी गोष्ट, आणि नातं म्हटलं की देणं-घेणं आलंच. पौलाचं बोलणं त्यांना खटकलं असेल तर वेगळ्याच जागी, आणि ती जागा म्हणजे ही देणगी कुणाला दिली गेली.

पुढे जाण्याआधी एक कबुली. ‘सुरुवातीचे ख्रिस्ती’ म्हणजे काही एक माणूस नव्हे. पौलाची पत्रं साधारण इ.स. ५० ते ६० या दशकातली, आणि उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टिन, ज्याच्यापर्यंत आपण शेवटी येऊ, तो वारला ४३० साली. मधली पावणेचारशे वर्षं हा शब्द ग्रीकमधून लॅटिनमध्ये गेला, छळाच्या काळातून राजाश्रयात आला. नव्या करारातही तो सगळीकडे सारखा नाही. लूककृत शुभवर्तमानात येशू विचारतो, जे तुमच्यावर प्रीती करतात त्यांच्यावरच तुम्ही प्रीती केली तर त्यात विशेष ते काय? तिथे ‘विशेष’ या अर्थी मूळ शब्द आहे खारिस, म्हणजे एरवी ज्याला आपण ‘कृपा’ म्हणतो तोच. शिवाय तुम्ही वसईच्या कॅथलिक घरात वाढलात की आमच्यासारख्या प्रोटेस्टंट मंडळीत, यावरही ‘कृपा’ ऐकल्यावर मनात काय उभं राहतं ते ठरतं. मी मुख्यतः पौलाबद्दल बोलणार आहे, कारण तुमचा प्रश्न तिथून आलाय.

शब्दापासूनच सुरू करू. मराठीत ‘कृपा’ म्हटलं की कानाला दया ऐकू येते. मोठ्यानं लहानाकडे कनवाळूपणे बघणं, ही एक भावना. ग्रीक ‘खारिस’ त्याहून ऐसपैस आहे. देणाऱ्याच्या मनातली मर्जी म्हणजे खारिस, त्या मर्जीतून हातावर पडलेली वस्तूही खारिस, आणि ती घेणाऱ्यानं मानलेले आभार, तेही खारिस! एकच शब्द तिन्ही मुक्काम फिरून येतो. आपल्याकडे त्याच्या जवळ जाणारा शब्द मला ‘प्रसाद’ वाटतो: प्रसन्नताही प्रसाद, आणि हातावर ठेवलेला शिराही प्रसाद. तरी त्यात आभार येत नाहीत. मराठी बायबलच्या भाषांतरकारांनी काही ठिकाणी ‘कृपादान’ असा जोडशब्द केला तो मला फार आवडतो, कारण त्यानं भावनेला वस्तूचं वजन दिलं.

आता त्या काळचा रिवाज. पौलाचाच समकालीन रोमन तत्त्वज्ञ सेनेका यानं उपकार या विषयावर सात भाग लिहून ठेवलेत. (योगायोग असा की त्याचा सख्खा भाऊ गल्लियो हाच अखया या ग्रीसमधल्या रोमन प्रांताचा सुभेदार होता, आणि प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाप्रमाणे करिंथमध्ये पौलाला ज्याच्यापुढे उभं केलं तो हाच. डेल्फीला सापडलेल्या शिलालेखामुळे त्याची कारकीर्द इ.स. ५१-५२ च्या सुमाराची ठरते.) सेनेका तीन कृपादेवींचं चित्र सांगतो. हातात हात गुंफून त्या फेर धरतात, कारण उपकार एका हातातून दुसऱ्या हातात जात शेवटी देणाऱ्याकडे परत येतो, आणि साखळी कुठेही तुटली तर सगळी शोभा जाते. आणखी एक दाखला चेंडूच्या खेळाचा. चांगला खेळाडू समोरच्याला झेलता येईल आणि परत टाकता येईल असाच चेंडू टाकतो.

हे परकं वाटतं का? आपल्या घरोघरी लग्नानंतर आहेराची वही असते. कुणी किती पाकीट दिलं, कुणी भांडं, कुणी साडी. पुढे त्यांच्या घरी कार्य निघालं की वही उघडायची. तरी कुणी त्याला धंदा म्हणत नाही, कारण वही हिशेबासाठी कमी आणि नातं सांभाळण्यासाठी जास्त असते. तितकंच परत दिलं तर नातं तुटल्यासारखं वाटतं, म्हणून थोडं वाढवून द्यायचं. ग्रीक शहरांमध्ये हीच वही दगडावर कोरलेली सापडते. कुणी सार्वजनिक स्नानगृह बांधलं, कुणी टंचाईत धान्य दिलं, की नगरसभा ठराव करायची. त्यात ठरलेला मजकूर असायचा: आमचं नगर आपल्या उपकारकर्त्यांना साजेशी खारिस परत करतं, हे सर्वांना दिसावं. ‘साजेशी’ हा शब्द लक्षात ठेवा, तो पुढे लागणार आहे.

एक प्रसंग सांगतो, माझ्याच फजितीचा. एका वाडीत एक आजी होत्या. त्यांच्या नातवाच्या आजारपणात मंडळीतल्या आम्ही काही जणांनी धावपळ केली होती. मूल बरं झालं. महिन्याभरानं आजी उपासनेनंतर माझ्याकडे आल्या, पदराखाली झाकून आणलेली सहा गावठी अंडी घेऊन. मी नुकताच कृपा फुकट असते यावर पाऊण तास बोललो होतो. त्यामुळे तत्त्वाला धरून म्हणालो, ‘आजी, हे कशाला? आम्ही काही परतफेडीसाठी केलं नाही.’ आजींचा चेहरा पडला. म्हणाल्या, ‘पाळकसाहेब, फुकटचं घ्यायला मी काय भिकारीण हाय व्हय?’ अंडी मी घेतली, पण घाव बसला तो बसलाच. परत काही नको असं म्हणून मी त्यांचं ओझं हलकं करतोय असं समजत होतो, आणि त्यांना त्यातून ‘तुमचं आमचं काही नातं नाही’ असं ऐकू गेलं. सेनेका माझ्या मदतीला कधीच आला नसता, त्यानं आजींचीच बाजू घेतली असती.

तर मग पौल यात वेगळं काय म्हणतो?

सेनेका पहिल्याच पानांवर तक्रार करतो की लोकांचे उपकार वाया जातात, कारण ते पात्र माणसं निवडत नाहीत. आपल्याकडेही दान सत्पात्री असावं, असं आपण सहज बोलून जातो. गीतेच्या सतराव्या अध्यायातलं सात्त्विक दान आठवा: योग्य जागी, योग्य वेळी, परतफेड करू न शकणाऱ्या पण पात्र असलेल्या माणसाला, केवळ द्यायला हवं म्हणून दिलेलं. तिथे परतफेड नको, पात्रता हवी. माझ्या मते मराठी वाचकाचा पौलाबाबत गोंधळ होतो तो इथेच. आपला कान या मापाला सरावलेला आहे, आणि पौलाचं माप जवळजवळ उलटं आहे. त्याच्या लेखी देणगी अपात्राला दिली जाते, आणि तिला उत्तर मात्र अपेक्षित असतं.

रोमकरांस पत्राचा पाचवा अध्याय वाचा. नीतिमान माणसासाठी कुणी मरेल हे कठीण, चांगल्या माणसासाठी कदाचित कुणी धजेलही, पण आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला. त्या काळच्या वाचकाला हे वाचून गहिवर येण्याआधी अस्वस्थ वाटलं असेल. आपल्या शत्रूंवर, नालायकांवर सर्वांत मौल्यवान गोष्ट उधळणारा दाता हा उदार म्हणायचा की अविचारी? अपात्राला देणाऱ्याचीच अब्रू जाते, अशी तेव्हाची समजूत. ते ‘साजेशी’ आठवतंय ना? दान आणि घेणारा यांचा मेळ बसला पाहिजे, हा त्या समाजाचा कणा होता. पौल तिथेच हात घालतो. नवव्या अध्यायात तो याकोब आणि एसावाचं उदाहरण घेतो. मुलं जन्मलीही नव्हती, बरं-वाईट काही केलं नव्हतं, आणि निवड झाली. म्हणजे कारण शोधायला जागाच ठेवली नाही.

सेनेकालाही ही गोष्ट अगदीच ठाऊक नव्हती असं नाही. सूर्य दुष्टांवरही उगवतो आणि समुद्र चाच्यांनाही खुला असतो, हे तो लिहितो. पण त्याचं कारण तो असं देतो की काही देणग्या चाळून वाटताच येत नाहीत, पाऊस काय शेत बघून पाडायचा? चांगल्यांना मिळावं म्हणून वाईटांनाही मिळतं. पौलाच्या बाबतीत उलट आहे, तिथे अपात्रांनाच लक्ष्य करून दिलंय. त्याला हे स्वतःवरून माहीत होतं. मंडळीचा छळ करत असतानाच आपल्याला बोलावणं आलं, हे तो गलतीकरांना लिहितो. शिवाय ज्या परराष्ट्रीयांना, म्हणजे यहुदी नसलेल्यांना, तो सुवार्ता सांगत होता त्यांच्याकडे सुंता नव्हती, नियमशास्त्र नव्हतं, आणि बहुतेकांकडे कुळ किंवा पैसाही नव्हता. ‘तुमच्यात ज्ञानी, बलवान, कुलीन असे पुष्कळ नाहीत’, असं तो करिंथकरांना तोंडावर सांगतो. कृपा पात्रता बघून येत असती तर ही माणसं त्या खोलीत एकत्र जेवायला बसलीच नसती.

इथे एक खबरदारी, कारण व्यासपीठावरून हे चुकीचं सांगितलेलं मी फार ऐकलंय. ‘यहुदी धर्म म्हणजे कर्म, ख्रिस्ती धर्म म्हणजे कृपा’ ही वाटणी खोटी आहे. १९४७ पासून मृत समुद्राजवळ कुमरानला ज्या गुंडाळ्या मिळाल्या त्यांत काही उपकारस्तुतीची स्तोत्रं आहेत. त्यांतला कवी स्वतःला मातीचा गोळा म्हणतो, आणि देवानं अशाला जवळ घेतलं याचं नवल करतो. अपात्रावरची कृपा म्हणजे आणखी काय असते? यहुद्यांमध्ये कृपेवर विश्वास सगळ्यांचाच होता, वाद होता तो ती कुणाला आणि का मिळते यावर. नोहावर परमेश्वराची कृपादृष्टी झाली असं उत्पत्तीत एक वचन सांगतं, आणि लगेच पुढचं वचन म्हणतं की नोहा नीतिमान होता. मग कृपा नीतिमान होता म्हणून झाली की कृपा झाली म्हणून तो नीतिमान झाला? यावर वाचक तेव्हाही भांडत होते. पौल त्या भांडणातला एक यहुदी आवाज आहे, बाहेरून आलेला नव्हे.

आता दुसरी बाजू, उत्तराची. वर्गात मी मुलांना एक काम द्यायचो. दुसरे करिंथ, अध्याय आठ आणि नऊ घ्या, म्हणजे एकूण ३९ वचनं, आणि मुळात जिथे जिथे खारिस आलाय तिथे लाल पेन्सिलीनं गोल करा. विषय अगदी व्यवहारी आहे: यरुशलेममधल्या गरिबांसाठी वर्गणी. करिंथकरांनी वर्षभरापूर्वी होकार दिला होता आणि नंतर हात आखडता घेतला होता. मंडळीचा खजिनदार राहिलेला कुणीही हे ओळखेल. पौलाला उत्तरेकडच्या मासेदोनिया प्रांतातल्या गरीब मंडळ्यांचं उदाहरण देऊन त्यांना जरा लाजवावं लागतंय.

लाल गोल होतात दहा. मासेदोनियाच्या लोकांना देवानं दिलेली कृपा, हा पहिला. त्यांनी वर्गणीत भाग घेऊ देण्याची विनवणी केली, तो भाग घेण्याचा मानही खारिस. वर्गणी म्हणजे ते पैसेच, तेही खारिस. ख्रिस्त श्रीमंत असून तुमच्यासाठी गरीब झाला, ती खारिस. आणि शेवटच्या वचनात, देवाच्या अवर्णनीय देणगीबद्दल त्याचे आभार, ते आभारही खारिस. मराठीत वाचताना हे दिसत नाही, कारण भाषांतरकाराला जागोजागी वेगळा शब्द घ्यावाच लागतो आणि दोरा तुटतो. मुळात मात्र एकच पाणी पाटातून खाली येतंय: देवाकडून मासेदोनियात, तिथून यरुशलेमात, आणि आभार होऊन पुन्हा देवाकडे. एका वर्षी मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, ‘सर, मग ज्यानं वर्गणी दिली नाही त्यानं पाट अडवला म्हणायचं.’ मी त्या वर्षी त्याहून चांगलं काही बोललो नाही. याच पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल विनवतो की देवाच्या कृपेचा स्वीकार व्यर्थ होऊ देऊ नका. म्हणजे कृपा वाया जाऊ शकते, हे त्याला मान्य आहे.

आणि रोम १५ बघा. हीच वर्गणी घेऊन यरुशलेमला निघताना तो लिहितो की मासेदोनिया आणि अखया यांनी ती आपखुशीनं दिली, आणि लगेच पुढे, खरं तर ते त्यांचे ऋणी आहेत. आपखुशी आणि ऋण, एकाच दमात. तुम्हाला जी विसंगती वाटते ती त्याला वाटत नाही, कारण त्याच्या जगात आपखुशीनं फेडलेलं ऋण हेच चांगल्या नात्याचं लक्षण होतं.

तर इथवरचं सांगायचं तर, कृपा मिळण्याआधी कुठली अट नाही, मिळाल्यावर मात्र अपेक्षा आहे. ‘वेतन’ हा शब्द पौल मुद्दाम वापरतो. मूळ शब्द सैनिकाच्या शिध्या-पगाराचा आहे. वेतनात आधी काम, मग मोबदला. कृपेत आधी देणं, मग जगणं. क्रम फिरला की सगळं फिरतं. दुसऱ्या अध्यायातला न्याय मला याच क्रमात वाचावासा वाटतो: देणगीनं माणूस खरोखर बदलला का, हे शेवटी त्याच्या कृत्यांत दिसेल. सगळे अभ्यासक असं वाचत नाहीत. काहींच्या मते दुसऱ्या अध्यायात पौल फक्त प्रतिपक्षाचं गणित मांडतोय. मला ते पटत नाही, कारण तो हेच इतर पत्रांतही सांगतो.

तुमचा दुसरा प्रश्न, नंतरच्यांना हे खटकलं का? हो, आणि फार लवकर. ‘डिडाखे’ नावाची एक जुनी नियमावली आहे, हस्तलिखित १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला सापडलं. तीत पहिल्याच प्रकरणात म्हटलंय, मागेल त्याला दे, परत मागू नकोस. आणि दोन ओळींनंतर: कुणाला द्यायचं ते कळेपर्यंत तुझं दान तुझ्या हातात घामेजू दे. मुठीत आवळून धरलेलं ते ओलसर नाणं मला दिसतंच. सत्पात्र बघण्याची सवय दोन ओळींत परत आली.

मग मार्कियन. काळ्या समुद्राकाठच्या सिनोपेचा जहाजमालक, रोमला आला तेव्हा तिथल्या मंडळीला त्यानं दोन लाख सेस्टर्स दिले. तेव्हाच्या साध्या सैनिकाचा वर्षाचा पगार १,२०० सेस्टर्स होता, म्हणजे दीडशेहून जास्त वर्षांचा पगार झाला. त्याची शिकवण अशी की येशूचा पिता हा निव्वळ चांगला, न्याय न करणारा, या जगाशी पूर्वी काही संबंध नसलेला देव आहे. परक्याच्या लेकरांना त्यानं विनाकारण वाचवलं. फुकट कृपेची याहून शुद्ध कल्पना सापडणार नाही. १४४ च्या सुमारास मंडळीनं त्याला बाहेर काढलं आणि, कार्थेजचा ख्रिस्ती लेखक टर्टुलियन याच्या सांगण्याप्रमाणे, त्याचे पैसे परत केले. नातं तोडायचं म्हणजे देणगी परत करायची, हे रोमच्या मंडळीला पक्कं ठाऊक होतं! पुढे टर्टुलियन मार्कियनच्या अनुयायांना जवळजवळ तुमचाच प्रश्न विचारतो: तुमचा देव शिक्षाच करत नाही, तर तुम्ही पाप का करत नाही? ते म्हणतात, छे, छे. टर्टुलियन त्यावर जी खिल्ली उडवतो ती मला थोडी अन्यायाची वाटते. भीती नसतानाही पापाला ‘छे’ म्हणणाऱ्यांकडे काहीतरी उत्तर होतं, फक्त त्याला ते ऐकायचं नव्हतं.

२५३ च्या सुमाराचं एक पत्र मला या सगळ्यात सर्वांत जवळचं वाटतं. उत्तर आफ्रिकेतल्या फिदुस नावाच्या बिशपानं कळवलं होतं की बाळाचा बाप्तिस्मा आठव्या दिवसाआधी करू नये. एक कारण असं की पहिल्या दिवसांत बाळाचं पाऊल शुद्ध वाटत नाही, शांतीचं चुंबन घ्यायला अंगावर काटा येतो. सोयर पाळणाऱ्या घरात वाढलेल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. कार्थेजचा सिप्रियन ६६ बिशपांच्या वतीनं उत्तर देतो: देव जसा माणसामाणसात भेद करत नाही तसा वयातही करत नाही, कृपा सगळ्यांना सारख्या मापानं मिळते, आणि त्या पावलाचं चुंबन घेताना देवाचे नुकते कामातून निघालेले हात आठवावेत. दोन दिवसांचं बाळ. त्यानं काही केलेलं नाही, त्याला काही कळत नाही, परत काही देण्याची ताकद नाही. अपात्री देणगीचा याहून स्वच्छ नमुना कुठला?

मोठं भांडण मात्र दीडशे वर्षांनी पेटलं. ऑगस्टिननं आपल्या ‘कबुलीजबाबा’त देवाला म्हटलं, ‘जी आज्ञा करतोस ते करण्याचं बळ दे, मग हवी ती आज्ञा कर.’ रोममध्ये एका बिशपानं हे वाक्य उद्धृत केलं तेव्हा पेलागियस तिथे होता, आणि त्याला ते इतकं झोंबलं की भांडणच व्हायचं बाकी राहिलं, असं ऑगस्टिन स्वतः सांगतो. पेलागियसला आपल्याकडे खलनायक करून टाकलंय. तो ब्रिटनहून आलेला, साधं राहणारा, कळकळीचा माणूस होता. श्रीमंत रोमन ख्रिस्ती ‘आम्ही दुबळे, देव बघून घेईल’ म्हणत पाय पसरून बसलेले त्याला दिसत होते. त्याचं म्हणणं, देवानं करण्याची क्षमता दिली, नियमशास्त्र दिलं, ख्रिस्ताचं उदाहरण दिलं, क्षमा दिली. एवढं सगळं फुकट मिळाल्यावर आता करायचं ते तुम्ही करा.

नीट बघा, पेलागियसही कृपा ही देणगीच मानतो. फरक एवढाच की त्याच्या मते देणगी हातावर ठेवली जाते आणि मूठ आपण मिटायची. ऑगस्टिन म्हणतो, मूठ मिटण्याची इच्छाही दिलेलीच आहे. तो पुन्हा पुन्हा करिंथकरांस पत्रातल्या एकाच वाक्याकडे येतो: तुला मिळालेलं नाही असं तुझ्याजवळ काय आहे? ४१८ मध्ये कार्थेजच्या परिषदेनं पेलागियसच्या मतांचा निषेध केला. त्याच सुमाराच्या एका पत्रात ऑगस्टिन लिहितो की देव आपल्या पुण्याईला मुकुट घालतो तेव्हा तो स्वतःच्याच देणग्यांना मुकुट घालत असतो. दुसऱ्या अध्यायातल्या न्यायाचं हे त्याचं उत्तर, आणि तुमच्या ‘बिला’चंही: बिल येईल, पण पैसेही त्यानंच खिशात घातलेले असतील. पूर्वेकडच्या ग्रीक भाषकांना, कॉन्स्टँटिनोपलचा बिशप क्रिसोस्तोम याच्यासारख्यांना, असं टोकाला जाणं कधी रुचलं नाही. माणसाच्या होकाराला त्यांनी जागा ठेवली. मी स्वतः ऑगस्टिनच्या बाजूनं झुकतो, पण रुग्णशय्येजवळ बसलेला असतो तेव्हा क्रिसोस्तोमसारखा बोलतो. ‘तुमचं हो म्हणणंही तुमचं नाही’ असं आजारी माणसाला सांगून काय साधणार?

शेवटी अभ्यासासाठी एक तुकडा सुचवतो, कारण तुम्ही हिशेबाच्या भाषेत विचारलंत. फिलिप्पै, अध्याय चार, दहाव्या वचनापासून विसाव्यापर्यंत. पौल कैदेत आहे, फिलिप्पैच्या मंडळीनं एपफ्रदीताच्या हाती त्याला मदत पाठवली आहे, आणि तो पोच देतोय. शब्द चक्क दुकानातले आहेत: देणं-घेणं, तुमच्या खात्यावर जमा, आणि ‘सगळं पोचलं’ हा तर त्या काळच्या पावत्यांवर असायचा तोच शब्द. पण अकरा वचनांत ‘मी तुमचा आभारी आहे’ असं सरळ एकदाही नाही. त्यांच्या भेटीला तो देवाला चढवलेला सुगंध म्हणतो, आणि फेड ‘माझा देव’ करील असं लिहून मोकळा होतो. वही काढा आणि दोन रकाने आखा, कुणी कुणाला काय दिलं आणि कोण कुणाचं देणं लागतं. माझ्या वर्गात ते रकाने कधी जुळले नाहीत. तुमचे जुळले तर कळवा.